ठिपका थरथरतो तेव्हा

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या मुलुंडच्या घरातला फोन वाजला की तो फिनिक्सचाच असणार, हे आता सौ.लाही पाठ झाले आहे. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, भाचा निवांत असतो आणि त्याला मामाची आठवण होते. एरवी आमचे विषय ठरलेले: इकडचा पाऊस, माझे गुडघे, तिकडे मिळणाऱ्या हापूसचा भाव. त्या रविवारी मात्र त्याने विचारले, "मामा, नळी चार इंची घेऊ की सव्वापाच इंची?"

मला आधी वाटले, बागेला पाणी घालायची नळी असावी. मग उलगडा झाला की गोष्ट पिस्तुलाची आहे. भाचा गेली काही वर्षे तिकडच्या एका क्लबात नेमबाजीच्या स्पर्धा खेळतो. आता त्याला पिस्तुलावर 'रेड डॉट' बसवायचा होता, म्हणजे नेम धरण्यासाठी काचेत लाल ठिपका दाखवणारे छोटे यंत्र. ठिपका बसवायचा तर नळी केवढी असावी, हा त्याचा प्रश्न.

ज्या घरात विळीहून धारदार शस्त्र नाही, त्या घरात हा प्रश्न यावा! पण योग असा की त्याच आठवड्यात बोरिवलीहून नात आली आणि तिनेही जवळजवळ तेच विचारले. ती नववीत आहे, दोन वर्षे एअर पिस्तूल शिकते आहे आणि आता तिला स्वतःचे पिस्तूल हवे होते. "आजोबा, शॉर्ट घेऊ की लाँग?"

दोघांनीही मलाच का विचारावे? माझी पस्तीसेक वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. पण उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत मुबलक गोळीबार केला. कागदावरच्या गोळीला ना परवाना लागतो, ना हिशेब. त्यामुळे नातेवाइकांत माझा उगाचच दबदबा आहे.

एका चुकीची कबुली

तो दबदबा भाच्याने पहिल्या पाच मिनिटांतच उतरवला. माझ्या एका कादंबरीत खलनायकाच्या पिस्तुलातून लाल ठिपका निघतो आणि नायकाच्या सदऱ्यावर, बरोबर खिशापाशी, येऊन थांबतो. वाचकांना तो प्रसंग फार आवडला होता. भाचा म्हणाला, "मामा, तो लेसर. रेड डॉट वेगळा. रेड डॉटमधून बाहेर काहीच जात नाही. ठिपका फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो, समोरच्याला नाही."

म्हणजे माझ्या नायकाला घाम फुटायचे काही कारणच नव्हते. पुढची आवृत्ती निघाली तर दुरुस्ती करीन. तोवर निदान हा विषय नीट समजून घ्यावा असे ठरवले, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून जमा-खर्च मांडावा तसा मांडला.

साध्या पिस्तुलावर नेम धरायला दोन गोष्टी असतात. डोळ्याजवळ, मागच्या टोकाला, एक खाच. पुढच्या टोकाला एक लहानसा उंचवटा. आमच्या शाखेतला सुरक्षारक्षक त्याला 'मक्खी' म्हणे. सातारा जिल्ह्यातला, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. त्याच्याकडे बँकेची दुनळी बंदूक होती. दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालत असू आणि माझ्या माहितीप्रमाणे तिला त्याहून मोठा पराक्रम कधी करावा लागला नाही. एकदा मी त्याला विचारले, "हिला पुढे मक्खी आहे, पण मागची खाच कुठे?" तो म्हणाला, "सायेब, दुनळीला मागची खाच म्हंजी आपला डोळाच. गाल जाग्यावर बसला तर नेम बसतो." छर्ऱ्यांच्या बंदुकीबाबत हे अगदी खरे आहे. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले होते.

पिस्तुलाला मात्र गालाचा आधार नाही. हात लांब करून धरायचे, तेव्हा खाच आणि मक्खी दोन्ही हवीतच. खाचेच्या मधोमध मक्खी, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि माथे एका रेषेत, की नेम जुळला. आता मक्खी केसाच्या जाडीइतकी, समजा एक दशांश मिलिमीटर, बाजूला सरकली तर काय होईल? इथे नळीची लांबी कामाला येते. खाच आणि मक्खी यांच्यातले अंतर जितके जास्त, तितकी तीच चूक लक्ष्यावर कमी दिसते. भाच्याच्या मनात ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीची पिस्तुले होती. त्यांतल्या १०२ मिलिमीटर, म्हणजे चार इंची नळीच्या पिस्तुलात हे अंतर १५३ मिलिमीटर. १३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांच्या थोड्या वरच्या नळीच्या पिस्तुलात १९२. पंचवीस मीटरवर केसाएवढ्या चुकीने पहिल्याची गोळी सुमारे १६ मिलिमीटर बाजूला जाईल, दुसऱ्याची १३. साधे त्रैराशिक आहे, शाळेतल्या मुलालाही सुटेल.

म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नेमबाज लांब नळी पसंत करीत आले. गोळी जास्त सरळ जाते म्हणून नव्हे. आखूड नळीतूनही ती सरळच जाते. लांब नळीत माणसाला आपली चूक आधी दिसते आणि तिची शिक्षा कमी होते, एवढेच.

डब्लिनचा दुर्बीणवाला

हे झाले तरण्या डोळ्यांचे. साठीच्या डोळ्यांची गोष्ट निराळी. खाच, मक्खी आणि लक्ष्य या तीन वस्तू तीन अंतरांवर असतात. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहतो. नेमबाजीचे प्रशिक्षक सांगतात, मक्खी स्वच्छ पाहा, लक्ष्य धूसर राहिले तरी चालेल. चाळिशी लागलेल्या माणसाला हाताच्या अंतरावरची ती मक्खीच धूसर दिसते. बायफोकलच्या कोणत्या भागातून पाहावे या खटाटोपात मान वरखाली होते.

लाल ठिपका हा तंटाच मिटवतो. एका लहान दिव्याचा प्रकाश वाकवलेल्या काचेवर पडून परत डोळ्याकडे येतो, तो अशा समांतर किरणांनी की ठिपका काचेवर न दिसता दूर लक्ष्यावरच टेकवल्यासारखा दिसतो. डोळ्याने फक्त लक्ष्याकडे पाहायचे. जुळवायला खाच नाही, मक्खी नाही. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही.

ही कल्पना आजची नाही. १९०० साली डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांनी ती मांडली. ग्रब यांचा धंदा दुर्बिणी बनवण्याचा. त्यांची वीस इंची आरशाची एक दुर्बीण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पुण्यात होती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली, तिथे. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ग्रब यांची ठिपक्याची युक्ती पुढे लढाऊ विमानांत गेली. १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एम्पॉइंट कंपनीने विजेवर चालणारी आवृत्ती बंदुकांसाठी बाजारात आणली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या वेगवान पिस्तूल स्पर्धांत ती रुळली आणि आता काड्यापेटीएवढी होऊन पिस्तुलाच्या पाठीवर बसली आहे.

तर मग भाच्याचा प्रश्न. ठिपका आला की खाच आणि मक्खी यांच्यातल्या अंतराला अर्थ उरत नाही. लांब नळीच्या जमेची सर्वांत मोठी रक्कम वहीतून खोडली जाते. मग शिल्लक काय राहते? थोडा वेग राहतो. नऊ मिलिमीटरच्या गोळीला तीन ते पाच इंचांच्या टप्प्यात नळीच्या दर इंचामागे सेकंदाला साधारण दहा-पंधरा मीटर जास्त वेग मिळतो. क्लबातल्या लोखंडी तबकड्यांना त्याचे सोयरसुतक नाही. पुढचे वजन राहते. नळी लांब असली की टोक जड होते, गोळी सुटल्यावर कमी उसळते आणि ठिपका काचेच्या चौकटीतून कमी पळतो. खर्चाच्या बाजूला असे की तेच जड टोक एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर फिरवायला आळशी होते आणि म्यानातून काढायला वेळ लागतो. फार आखूड, तीन इंचांच्या पिस्तुलाची नेमातली मोठी अडचण ठिपका दूर करतो हे खरे, पण त्याची मूठही तोकडी, उसळीही फार. ठिपका मनगटाला मदत करत नाही.

मी म्हटले, "बाबा रे, चारही नको, सव्वापाचही नको. मधले काही मिळते का?"

"साडेचार आहे. ११४ मिलिमीटर."

"मग तेच घे."

तो हसला. म्हणाला, "मामा, शेवटी बँकवालेच तुम्ही!" पण पुढच्या रविवारी तेच घेतल्याचे त्याने सांगितले. आमच्या भाचेसुनेची अट मात्र नळीपेक्षा मोठी आहे: घरात लहान मूल आहे, तेव्हा पिस्तूल तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कप्प्यात आणि तिजोरीचा आकडा दोघांनाच ठाऊक. शाखेत रोकड तिजोरीच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, त्याची आठवण झाली. सगळ्या गोष्टीत मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती हीच अट.

नातीचे पिस्तूल

नातीचा प्रश्न मात्र असा सुटणारा नव्हता. तिच्या खेळात लाल ठिपका चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तुलाच्या ऑलिम्पिक प्रकारांत उघडी खाच आणि मक्खी एवढेच चालते, भिंगाचे किंवा ठिपक्याचे यंत्र नाही. दहा मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन दीड किलोपर्यंत, चापाचा ताण निदान ५०० ग्रॅम. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला तर नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि खाच-मक्खीतले अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, अशी मर्यादाच घालून दिली आहे. लांबीचा फायदा कुणी बेसुमार लुटू नये म्हणून.

दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा साडेअकरा मिलिमीटरचा. शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तूल एका हाताने धरायचे, दुसरा हात खिशात. साठ गोळ्या, सव्वा तास. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये साधा चष्मा लावून, खिशात हात घालून रौप्यपदक नेणारे तुर्कस्तानचे युसूफ दिकेच जगभर गाजले, ते याच खेळात. आपल्या मनू भाकरने दोन कांस्यपदके घेतली, तीही याच खेळात. आणि त्याच पॅरिसमध्ये १ ऑगस्टला रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या दिवसापासून मुलुंड स्टेशनवर काळ्या कोटातल्या माणसाकडे मी जरा आदरानेच पाहतो.

महाराष्ट्राला या खेळाची परंपराच आहे. वरळीच्या रेंजवर घडलेली अंजली भागवत, पनवेलच्या सुमा शिरूर, २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि तिच्याकडे पाहून पिस्तूल हाती घेतलेली कोल्हापूरचीच राही सरनोबत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राहीने पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. नातीच्या टेबलावर, भूमितीच्या वहीच्या वर, राहीचे चित्र आहे.

एअर पिस्तुलाला परवाना लागत नसला तरी पैसे लागतात. स्वित्झर्लंडचे मोरिनी, ऑस्ट्रियाचे स्टायर, इटलीचे पार्दिनी, कोणतेही घ्या, किंमत लाख-दीड लाखाच्या पुढेच. मुलगा म्हणाला, दहावीनंतर पाहू. सूनबाई म्हणाली, दहावीनंतर अकरावी असते, मग बारावी, मग कसले पिस्तूल? मी म्हटले, माझी एक ठेव मुदत संपून आली आहे. चेक मी देतो.

राहिला नळीचा प्रश्न. मी पुन्हा वही काढली. लांब पिस्तूल आणि आखूड पिस्तूल यांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक. खाच-मक्खीतले अंतर ३५ सेंटिमीटर धरले तर केसाएवढी चूक दहा मीटरवर २.९ मिलिमीटर होते, ३१ धरले तर ३.२. फरक तांदळाच्या दाण्याएवढाही नाही, पण बटणाएवढ्या ठिपक्यात तोही मोजावा लागतो. माझा कौल लांबला.

आम्ही तिच्या सरांकडे गेलो. बोरिवलीला एका इमारतीच्या तळघरातला हॉल. आत शिरताच शाळेच्या परीक्षेतल्यासारखी शांतता, मधूनमधून टिचकी मारल्यासारखा आवाज. सरांनी माझा हिशेब शांतपणे ऐकला आणि दोन पिस्तुले पुढे ठेवली. नातीला म्हणाले, "लाँग उचल. नेम धर. चाप ओढू नकोस. मी सांगेपर्यंत धरून ठेव."

वीस सेकंदांनी तिचे मनगट झुकू लागले. तिसाव्या सेकंदाला टोक दिसेल इतके हलत होते. मग विश्रांती, मग आखूड पिस्तूल. तेच मनगट, तेच तीस सेकंद, पण टोक पुष्कळ शांत. सर म्हणाले, "आजोबा, तुमचं गणित बरोबर आहे. पण ते पिस्तुलाचं गणित झालं. हिचं मनगट चौदा वर्षांचं आहे. लांब नळी चूक लहान करते, पण जड टोक चूक वाढवतं. अजून दोन वर्षांनी लाँग घेऊ. लाल ठिपका चालत असता तर मी आत्ताच आखूड म्हणालो असतो. तो चालत नाही, म्हणून एवढा विचार."

म्हणजे पस्तीस वर्षे आकडेमोड करून मी खातेदार विसरलो होतो.

आखूड ठरले. मी चेक लिहून दिला. चौथ्या दिवशी तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होते: सही जुळत नाही.

वाचकहो, या कारणाखाली मी स्वतः किती चेक परत केले असतील याची गणती नाही. सहीच्या नमुन्याची पत्रे लोखंडी कपाटात असत. पत्र काढायचे, चेक शेजारी धरायचा आणि 'र'ची शेपटी निराळी दिसली की शेरा मारायचा. समोरचा म्हातारा खातेदार म्हणे, "साहेब, मीच आहे हो हा." आणि मी म्हणे, "तुम्ही आहात, पण सही नाही."

हाताला कंप सुटल्याला दीड वर्ष झाले होते. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही, वयाबरोबर काहींना होते, असे सांगितले होते. पण मी घरात कुणाला कळू दिले नव्हते. चहाचा कप अर्धा भरून घेत असे. लिखाण हाताने सोडून टंकलेखनावर आणले, ते काळाबरोबर चालतो आहे असे भासवून. त्या चिठ्ठीने सगळे उघडे पडले.

नातीने चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता शेजारच्या मुलाकडून एक वस्तू आणली. तो मुलगा गच्चीवर दुर्बीण लावतो. तिच्यावर आकाशातला तारा झटकन सापडावा म्हणून लाल ठिपक्याचे एक शोधक यंत्र असते. तेच तिने स्क्रू काढून आणले होते. ग्रबसाहेबांची युक्ती पुन्हा दुर्बिणीच्या घरी परतलेली! "आजोबा, हात लांब करा. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. ठिपका टाकीवर ठेवा."

ठेवला. ठिपका टाकीवर नुसता नाचत होता. मला शरम वाटली. मी यंत्र तिच्या हाती दिले. तिने हात लांब केला आणि मला मागून, तिच्या खांद्यावरून पाहायला सांगितले. तिचाही ठिपका हलत होता. माझ्याहून कमी, पण हलत होता.

"सगळ्यांचा हलतो," ती म्हणाली. "मक्खीने नेम धरताना कळत नाही, यात दिसतं. सर सांगतात, तो थांबायची वाट बघायची नाही. वाट बघितली की माणूस घाबरतो आणि घाईने चाप ओढतो. मग शॉट वाया. तो हलत असतानाच हळूहळू दाबत जायचं."

दुसऱ्या दिवशी मी शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या नातीहून दहा-बारा वर्षांनीच मोठी असेल. तिने सहीच्या नव्या नमुन्याचा अर्ज दिला, आधार कार्ड पाहिले आणि म्हणाली, "सावकाश करा, काका." तीन ठिकाणी सही करायची होती. पूर्वीची ऐटदार, खाली रेघ ओढलेली सही करण्याचा प्रयत्न मी केला नाही. हात हलत होता तसाच हलू दिला आणि लिहीत गेलो. तिन्ही सह्या वाकड्या आल्या, पण तिन्ही एकसारख्या वाकड्या. तिने त्या ताडून पाहिल्या आणि शिक्का मारला.

दुसरा चेक वटला. पिस्तूल मागच्या महिन्यात आले. आखूड नळीचे, निळ्या पेटीतले. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ मी घालणार आहे.